चाळीस सेकंदांच्या पुढची गाणी

वीस वर्षं मी एका परदेशी बँडची गाणी वाजवली आणि त्यातलं एकही गाणं पुरतं ऐकलं नाही. यात फुशारकी काही नाही आणि लाज वाटण्यासारखंही काही नाही, आमच्या धंद्यात असंच असतं. मी वडूजचा साउंडवाला. लग्न, जावळ, यात्रा, गणपती, शाळेचं स्नेहसंमेलन, पुढाऱ्याची सभा, जिथं कुणाला काही मोठ्यानं ऐकवायचं असतं तिथं माझी गाडी जाते. स्पीकर एकावर एक रचायचे, वायरी ओढायच्या, मिक्सर मांडायचा आणि मग एक गाणं लावून सगळं नीट वाजतंय का ते बघायचं. याला आम्ही टेस्टिंग म्हणतो. प्रत्येक साउंडवाल्याचं टेस्टिंगचं गाणं ठरलेलं असतं आणि तो ते सहसा बदलत नाही.

माझं गाणं मला सांगलीत मिळालं. लग्न झाल्यावर तिथल्या एका जुन्या साउंडवाल्याकडं मी तीन वर्षं काम शिकलो. आम्ही सगळे त्यांना उस्ताद म्हणायचो. मिरजेला डॉक्टरी शिकायला आलेली लांबची मुलं कुठल्याशा कार्यक्रमानंतर एक सीडी विसरून गेली होती, ती उस्तादांनी ठेवून घेतली. इंग्रजी त्यांनाही येत नव्हतं. पण त्यातलं पहिलं गाणं त्यांनी बरोबर हेरलं. आधी फक्त डावीकडं गिटार. मग उजवीकडं दुसरी गिटार. मग खालून बेस. मग ड्रम, आणि ड्रमबरोबर ती वरची पितळी थाळी, आम्ही तिला झांजच म्हणतो, ती बारीक किणकिणत येते. आणि शेवटी माणसाचा आवाज. उस्ताद म्हणायचे, ‘‘डावा, उजवा, बेस, टॉप, माणूस. चाळीस सेकंदांत अख्खा साउंड तपासून झाला. आणखी काय पाहिजे?’’

टॉप म्हणजे सगळ्यात वरचे स्पीकर. बारीक, टोकदार आवाज तिथून निघतो. खालचे जाडे डबे बेसचे. एवढं कळलं की आमचा धंदा निम्मा कळला.

चाळीस सेकंदांनंतर मी बटण दाबायचो. दाबावंच लागायचं. तोवर मंडपातून कुणीतरी ओरडलेलं असायचं, ‘‘ए साउंडवाला, काय लावलंयस ते? गणपतीचं लाव की.’’ पुढं कुणीतरी त्याच बँडच्या पहिल्या पाच रेकॉर्डांची पहिली पहिली गाणी माझ्या पेन ड्राइव्हवर टाकून दिली. मग पाचही गाणी मी टेस्टिंगला फिरवून फिरवून लावायला लागलो. सगळी चाळीस सेकंदच. वाईच्या घाटावर, औंधच्या यात्रेत, पार कोयनेपर्यंत ती चाळीस सेकंदं मी वाजवून आलोय. कोयनानगरला एकदा टेस्टिंग चालू असतानाच भूकंपाचा हलका धक्का बसला. खुर्च्या हलल्या, तंबूचे खांब हलले, आणि तिथली माणसं माझ्याकडं वळून म्हणायला लागली, ‘‘आवं, बेस कमी करा की जरा.’’ कोयनेच्या माणसांना भूकंपाची सवय, पण माझ्या बेसची नव्हती. ही गोष्ट मी दहा ठिकाणी रंगवून सांगितली आहे. आपल्या साउंडचा मला लय अभिमान होता.

तो अभिमान उतरायला सुरुवात झाली गेल्या उन्हाळ्याच्या अगदी शेवटी, खटाव तालुक्यातल्याच एका लग्नात. अक्षता झाल्या, पंगती बसल्या होत्या. एक बाई कडेवर तान्हं घेऊन मिक्सरपाशी आली. म्हणाली, ‘‘भाऊ, जरा बारीक करा. कानात सुया टोचल्यागत होतंय. लेकरू थांबंना झालंय.’’ मला राग आला. मी म्हटलं, ‘‘ताई, आवाज कमीच हाय. तुमाला डबड्यातली गाणी ऐकायची सवय.’’ ती बाळाला घेऊन निघून गेली. माझी मुलगी शेजारीच उभी होती. तिनं हात पुढं करून मिक्सरवरचा टॉपचा खटका खाली ओढला. मी तिच्या हातावर चापट मारून परत वर केला. चार माणसांत मारली. आज तेही लिहून टाकतो.

मुलगी माझी एकच. सांगलीला कॉलेजात फिजिक्स शिकते, हॉस्टेलवर राहते आणि शनिवारी एसटीनं घरी येते. दहावीपासून ती माझ्याबरोबर कामाला येत आलेली. मिक्सर तिला माझ्याइतका कळतो आणि जीभ माझ्यापेक्षा धारदार. त्या लग्नानंतर तिनं आठ दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं आणि नवव्या दिवशी मला सांगलीला बोलावून घेतलं. मला वाटलं फीचं काही असेल. ती मला सरळ कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

एका काचेच्या खोलीत बसवून डॉक्टरांनी कानात आवाज सोडले. ऐकू आला की बटण दाबायचं. मी भराभर बटण दाबलं. मनात म्हटलं, यांना काय माहीत आपण कोण आहोत. नंतर त्यांनी कागद दाखवला. त्यावर एक रेघ डावीकडून सपाट येत होती आणि पुढं कड्यावरून दगड पडावा तशी सरळ खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, जाडे आवाज तुम्हाला नीट येतात. बारीक आवाज गेलेत. दोन्ही कानांचे. वीस वर्षं स्पीकरसमोर उभं राहून दुसरं काय होणार? मशीन लावा, बोलणं तरी नीट कळेल. गेलेलं परत येणार नाही.

मी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि बाहेर येऊन मुलीला म्हटलं, ‘‘त्यांचं यंत्र बिघडलंय.’’

‘‘पप्पा.’’

‘‘अगं, साउंडवाल्याच्या कानात मशीन? आचाऱ्याला चव कळत न्हाई असं गावभर झालं तर त्याला कोण बोलवंल? गणपती दोन महिन्यांवर आला. मंडळाची पोरं माझ्या कानाकडं बघून हसतील आणि दुसऱ्याला काम देतील.’’

‘‘आणि खरंच ऐकू येत नसंल तर?’’

‘‘मला येतंय.’’

बसस्टँडपर्यंत आम्ही चालत आलो. वडूजची गाडी लागायला वेळ होता. तिथल्या बाकावर बसून तिनं मला अट घातली. म्हणाली, ‘‘तुमच्या त्या बँडच्या आत्तापर्यंत दहा रेकॉर्डी निघाल्यात. मी बघितलंय. तुमी त्यातली पाच गाणी चाळीस-चाळीस सेकंदं ऐकली. आता सगळं ऐकायचं. पहिल्या रेकॉर्डपासून दहाव्यापर्यंत, ओळीनं. मी दर रविवारी घरी असती, एका रविवारी दोन ऐकल्या तरी चालंल. रेकॉर्ड झाली की कुठं काय वाजलं ते मला सांगायचं. बरोबर सांगितलं तर मी मशीनचं नाव काढणार न्हाई. गणपतीला खुशाल मिक्सरवर बसा.’’

‘‘आणि चुकलो तर?’’

‘‘तर कानात मशीन. आणि तोवर मिक्सर माझ्याकडं.’’

मी लगेच हो म्हटलं. हरण्याची भीती मला वाटली नाही. उलट बरं वाटलं, की पोरीला एकदा दाखवून देता येईल. आषाढ लागला होता, लग्नं संपली होती, काम काही नव्हतं. सामान ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक खुर्ची टाकली, माझा चांगला हेडफोन काढला आणि पहिल्या रविवारी सकाळी चहा झाल्यावर बसलो.

पहिली रेकॉर्ड ऐकून माझी निराशाच झाली. सगळी वाद्यं एका कोपऱ्यात कोंबल्यासारखी. गावातल्या भजनी मंडळानं एकाच माइकपुढं दाटीवाटीनं उभं राहून गावं तसं. गाणारा तर ओरडतच होता. पण तरुण होता, कळत होतं. आवाज फाटला तरी त्याला पर्वा नव्हती. मुलीला मी हे सांगितलं. तिनं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, ‘‘बरोबर. एका खोलीत चार दिवसांत केलेली हाय म्हणं.’’ मी मिशीवर हात फिरवला.

दुसऱ्या रेकॉर्डनं मला धरलं. त्यातला ड्रमवाला ठोका किंचित उशिरा द्यायचा. चुकून नव्हे, मुद्दाम. माझे वडील मेंढरं राखायचे आणि यात्रेत गजीनृत्याला ढोल वाजवायचे. नाचणाऱ्यांचं पाऊल जमिनीला लागेपर्यंत ते काठी हवेतच धरायचे आणि मग सोडायचे. लहानपणी मला वाटायचं, बापाला ताल येत नाही. तोच उशीर त्या परक्या माणसाच्या हातात ऐकला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. वडील जाऊन बारा वर्षं झाली. एका गाण्यात तो ठोका इतका उशिरा आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुलीला तेही सांगितलं. तिनं आजोबांचा ढोल ऐकलेला नव्हता. तिनं ते गाणं परत लावून नीट ऐकलं.

तिसरी रेकॉर्ड उस्तादांच्या सीडीची, म्हणजे माझी. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझं बोट आपोआप बटणाकडं गेलं. चाळीस सेकंदांशी मी थांबलोच. मग हसू आलं आणि पुढं जाऊ दिलं. त्याच गाण्याचा पुढचा भाग मला वाटला होता तसा नव्हताच. मला वाटत होतं पुढं दणका असेल, नाचायचं असेल. पुढं ते दुःखी होतं. गिटारी मागं सरकत गेल्या, माणूस खालच्या आवाजात काहीतरी सांगत राहिला आणि बेस एकटाच खाली चालत राहिला. वीस वर्षं मी लग्नाच्या मंडपात ज्या गाण्यानं सुरुवात केली ते गाणं कुणाच्या तरी जाण्याचं होतं. शब्द मला कळले नाहीत, मुलीनं सांगितले. मी म्हटलं, इंग्रजी आहे, मला कसे कळणार? तिनं माझ्याकडं बघितलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

चौथ्यात व्हायोलिन होती. पाचवी रागीट आणि आखूड, अर्ध्या तासात संपली. सहावीच्या आधी सात-आठ वर्षं त्यांनी काही काढलंच नव्हतं. मुलगी म्हणाली, त्यांच्यात भांडणं झाली होती, दुसरा गिटारवाला सोडून गेला. ते न सांगताही कळलं असतं. उजवी बाजू रिकामी होती. त्यांनी तिथं दुसरं कुणी बसवलं नव्हतं, जागा तशीच ठेवली होती. मी दोन दिवस त्या रिकाम्या बाजूचा विचार करत होतो. बायकोला सांगायला गेलो तर ती भाकरी थापत म्हणाली, ‘‘तुमचं कायतरी निराळंच चाललंय हल्ली.’’ म्हणजे मला तसं ऐकू आलं. ती काय म्हणाली असेल, देव जाणे.

सातवीपासून ते मला आणखी आवडायला लागले. आधीसारखा किणकिणाट नाही, टोचणारं काही नाही. सगळं खालच्या अंगानं, गोधडी पांघरल्यासारखं. गाणाऱ्याचा आवाज जाड झालेला. आठवीत पियानो, नववीत तर निम्मी गाणी नुसत्या बेसवर चालल्यासारखी. झांज जवळजवळ नाहीच. मला ते इतकं पटलं. मी स्वतःशी म्हटलं, बघ, माणसं वयानं शहाणी होतात. तरुणपणी सगळं वाजवून बघावंसं वाटतं, मग एकेक वाद्य खाली ठेवता येतं. मीही पन्नाशीला आलो होतो. वाटलं, हे माझ्यासारखेच आहेत. खेड्यात राहून असा विचार करायला मला कुणी नव्हतं आणि या अनोळखी माणसांशी माझं आतून काही जुळलं होतं. खरंच सांगतो, त्या आठवड्यांत मी सुखी होतो.

दहावी रेकॉर्ड गणपतीच्या तीन आठवडे आधी झाली. शेवटचं गाणं लय लांब. संपलं तेव्हा मी हेडफोन काढला. मुलगी स्पीकरच्या खोक्यावर वही घेऊन बसली होती.

‘‘सांगा,’’ ती म्हणाली.

मी मनापासून सांगितलं. लिहून काढलं असतं तर चांगला निबंध झाला असता. म्हटलं, ही माणसं आधी लय गडबड करायची. झांज तर सारखी. तीही नीट बघितली तर पहिल्या गाण्याच्या सुरुवातीलाच, लोकांचं लक्ष वेधायपुरती. पुढं गाणं रंगलं की थांबवायचे. आणि सातव्यापासून तर त्यांनी ती सोडूनच दिली. मोठी झाली माणसं. वीस वर्षांनी कळलं त्यांना, की बारीक वाजवण्यात दम न्हाई.

ती वहीकडं बघत राहिली. मला वाटलं, हरली.

‘‘पप्पा, एक करा,’’ ती म्हणाली. ‘‘खुर्ची फिरवून दाराकडं तोंड करून बसा. मी स्पीकरवर लावती. झांज ऐकू आली की बोट वर करा. थांबली की खाली घ्या.’’

मी खुर्ची फिरवली. तिनं तिसऱ्या रेकॉर्डचं पहिलं गाणं लावलं, आवाज बेताचा. डावा, उजवा, बेस, ड्रम, आणि झांज आली. मी बोट वर केलं. किण किण किण, मला स्वच्छ येत होती. मग थांबली. मी बोट खाली घेतलं. गाणं पुढं चालू राहिलं आणि संपलं. मग तिनं पहिल्या रेकॉर्डचं पहिलं गाणं लावलं. मग दुसऱ्याचं, चौथ्याचं, पाचव्याचं. माझ्या पेन ड्राइव्हवरची पाचही गाणी. प्रत्येक वेळी मी बोट वर केलं आणि प्रत्येक वेळी खाली घेतलं.

तिनं वही माझ्या मांडीवर ठेवली. पाच आकडे होते. चाळीस, एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस, चाळीस.

‘‘हे काय?’’

‘‘तुमी ज्या सेकंदाला बोट खाली घेतलं ते.’’

‘‘मग तिथंच थांबत असंल झांज.’’

‘‘तिथं तुमी बटण दाबायचा,’’ ती हळू म्हणाली. ती शेजारी उभी राहून, माझ्याकडं बघून बोलत होती म्हणून कळलं. ‘‘झांज थांबतच न्हाई. पाचही गाण्यांत शेवटपर्यंत हाय. आणि सातव्या रेकॉर्डमधी पण हाय, नवव्यात पण हाय. दहाव्यात तर सगळ्यात जास्त हाय.’’

मी म्हटलं, रेकॉर्डिंगच तसं असेल, पुढं कमी केली असेल. माझा आवाज चढला होता. म्हटलं, सुरुवातीला तर मला येती ना? स्वच्छ येती. नसती ऐकू येत तर तिथं तरी कशी आली असती? तिनं वाद घातला नाही. मला परत दाराकडं तोंड करायला सांगितलं. मागं थोडी खुडबुड झाली आणि गाणं लागलं. डावा, उजवा, बेस, ड्रम. झांज आली. मी बोट वर केलं, आणि या वेळी जरा ताठच धरलं.

‘‘आता मागं वळा,’’ ती म्हणाली. मी वळलो नाही, म्हणून तिनं खुर्ची धरून मला फिरवलं.

टॉपचे दोन्ही स्पीकर खाली जमिनीवर होते. त्यांच्या वायरी तिनं काढून गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या. वाजत होते फक्त बेसचे डबे. त्यांच्यातून झांज निघूच शकत नाही, हे मी स्वतः तिला शिकवलं होतं. गाणं चालू होतं, माझं बोट अजून वर होतं आणि मला झांज ऐकू येत होती.

काय वाटलं ते सांगतो. कान गेले याचं दुःख नंतरचं. आधी मला माझीच भीती वाटली. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी ऐकत नव्हतो, आठवत होतो. जे आधी ऐकलेलं होतं तेवढंच मला वाजत होतं आणि जे नवं होतं ते माझ्यापर्यंत आलंच नव्हतं. आणि मी मात्र ती माणसं शहाणी झाली, शांत झाली म्हणून त्यांना मनात मान देत बसलो होतो. शेवटच्या चार रेकॉर्डांचं सगळं सुख माझ्या बहिऱ्या कानांनी रचलेलं होतं. मंडपात टॉप वर ओढायचो तोही त्यामुळंच. मला आला नाही की वाढवायचो. मला बेताचा वाटेपर्यंत वाढवायचो.

मग दुसरा विचार आला आणि तो जास्त वाईट होता. मुलीचा आवाज मला येतो का आठवतो? बायको हाक मारते ती मला ऐकू येते, की ती अशा वेळी हाक मारते हे मला पाठ झालंय?

मी तिला म्हटलं, ‘‘माझ्या मागं उभी राहा. आणि मी आधी ऐकलं नसंल असं कायतरी बोल. मोठ्यानं न्हाई, रोजच्यासारखं.’’

ती मागं गेली. मग तिचा आवाज आला. तिचाच, तो मी कुठंही ओळखेन. जाडसर भाग येत होता, वर जात होता, खाली येत होता, मधे एकदा अडखळला. पण त्यात शब्द नव्हते. एकही धरता येईना. शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तसं ते माझ्या डोक्यावरून गेलं आणि थांबलं.

‘‘काय म्हणालीस?’’

ती समोर आली. खाली बसली, माझ्या गुडघ्यांवर हात ठेवले. रडलेली दिसत होती. प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली, ‘‘दोन वर्षं झाली, तुमच्या कामावर येताना मी कानात कापूस घालून येती. केसांखाली तुमाला दिसत न्हाई.’’

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. माझ्या साउंडबद्दल गावोगावची माणसं काय काय बोलली होती, चांगलं, वाईट. पण हे कुणी बोललं नव्हतं.

‘‘आणि तुझी आई?’’

‘‘आईपण. गावात तुमचा साउंड असला की.’’

त्या लग्नातली ती बाई, तिचं लेकरू, पंगतीत कानावर हात ठेवून जेवणारी म्हातारी माणसं, सगळी माझ्या डोळ्यांपुढून गेली. त्यांच्यापैकी कुणी घरून कापूस घालून आलं नव्हतं. आणि मी या पोरीच्या हातावर चापट मारली होती.

पैज मी हरलो होतो हे बोलायची गरज नव्हती. मी उठून बेस बंद केला. खिशातून पाकीट काढलं, त्यात डॉक्टरांचा कागद घडी घालून ठेवलेला होता, त्यावरचा नंबर शोधला आणि सांगलीला फोन लावला. ती माझ्याकडं बघत होती, मधे पडली नाही. पलीकडं एका मुलीनं उचलला. बारीक आवाजाची मुलगी होती. तिनं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, ‘‘हां.’’ तिनं परत विचारलं. अशा वेळी मी काय करायचो ते मला माहीत होतं. हां हां, बरोबर, ठीक, एवढं म्हणून फोन ठेवायचो आणि रेंज नाही म्हणून सांगायचो. दोन वर्षं तरी मी हेच करत आलो होतो, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

मी फोन मुलीच्या हातात दिला. म्हटलं, ‘‘तू बोल. मला ऐकू येत नाही.’’

आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. तिनं फोन कानाला लावला. माझं वय सांगितलं, गाव सांगितलं, मंगळवार चालेल म्हणाली. मी तिच्या ओठांकडं बघत होतो. मग पलीकडून बहुतेक पेशंट काय काम करतात असं विचारलं असावं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती म्हणाली, ‘‘साउंडवाले आहेत.’’